हौदाच्या छतातून आलेला पाय

शुक्रवार

ठाण्याहून निघताना मी अकरा खिशांचं जाकीट घातलं होतं. जुन्या इमारती तपासणारा इंजिनीअर म्हणून तीस वर्षं काम केलं, तेव्हा साधा पांढरा शर्ट पुरायचा. पण निवृत्त झाल्यावर मी वारसा वास्तूंचा अभ्यासक झालो, आणि अभ्यासकाला खिसे लागतात अशी माझी समजूत झाली. एका खिशात टेप, एकात लेझरनं अंतर मोजायचं यंत्र, एकात भिंग, एकात वही. उरलेल्या सातांत काय ठेवायचं ते मला सुचेना. शेवटी बायकोनं त्यातल्या दोहोंत आल्याच्या वड्या आणि एकात रक्तदाबाच्या गोळ्या भरल्या. बाकीचे चार मी नगरच्या वारशासाठी मोकळे ठेवले.

बोलावणं अरविंद भापकरचं होतं. डिप्लोमाला आम्ही एका बाकावर होतो. तो नगरलाच राहिला आणि केडगावच्या अलीकडच्या एका जुन्या वस्तीतल्या पंचकमिटीचा सेक्रेटरी झाला. फोनवर म्हणाला, "पद्या, तू आता वारसावाला झालायस ना? मग ये. आमच्याकडे एक जुना हौद आहे. ठेवायचा की पाडायचा, ते तू सांगायचंस. बाहेरचा इंजिनीअर म्हणेल ते मान्य, असं दोन्ही बाजूंनी कबूल केलंय."

दोन्ही बाजूंनी कबूल! इतकी वर्षं घरात मी कुठला पडदा लावायचा ते सांगितलं तरी कुणी कबूल करत नाही. मी दुसऱ्याच दिवशीचं तिकीट काढलं.

पाटीवर अहिल्यानगर होतं, कंडक्टरच्या तोंडात नगर होतं, आणि उतरणाऱ्यांपैकी कुणालाच त्याची अडचण दिसत नव्हती. जानेवारीची थंडी, आणि भापकरवहिनींनी हुलग्याची शेंगोळी केलेली. लसणाचा ठसका आणि वरून तेलाची धार. आमच्याकडे पाहुण्याला "अजून घ्या ना" म्हणतात आणि तो नको म्हणाला की थांबतात. नगरला विचारत नाहीत. वाढतात, आणि मग "एवढुसं तर वाढलंय" असं वर सांगतात. माझं जाकीट पोटावर बंद होईना, तेव्हा आम्ही हौद बघायला निघालो.

जुन्या काळी नगर शहराला आसपासच्या गावांमधून खापराच्या नळांनी पाणी यायचं. ते नळ जमिनीखालून जात आणि वाटेत जागोजागी पाणी थांबवायला हौद बांधलेले असत. हा त्यांतलाच एक, असं वस्तीत सगळे मानतात. काळ्या दगडाची चौकोनी खोली, चारी बाजूंना कमानी, त्यातल्या तीन चिणलेल्या आणि माथ्यावर विटा-चुन्याचा बसका घुमट. पाणी आटून पिढ्या गेल्या. खालचा खड्डा कुणीतरी कधीतरी भरून घेतला, आणि त्यात आता पिठाची गिरणी आहे. मोकळ्या राहिलेल्या कमानीपुढं दगडी ओटा, आणि ओट्यावर बाजरीचे डबे घेऊन बसलेल्या पाच-सहा बायका.

भांडण रस्त्याचं होतं. हौदाच्या मागं नवी सोसायटी झाली आहे, सात मजल्यांची. तिचा रस्ता नेमका हौदापाशी काटकोनात वळतो. सोसायटीचे राऊत सर हौदापाशी आमची वाटच बघत होते. क्लास घेणारे, सावकाश बोलणारे गृहस्थ. मला वाटलं होतं, पाडापाडी करणारा माणूस सोन्याच्या साखळीतला असेल. राऊतांच्या गळ्यात मफलर होता.

ते म्हणाले, "माझ्या वडिलांना मागच्या वर्षी ॲटॅक आला. ॲम्ब्युलन्स या वळणावर अडकली. मागंपुढं करण्यात वीस मिनिटं गेली. वडील वाचले, पण मी रोज इथून जातो तेव्हा ती वीस मिनिटं आठवतात. मला जुन्या गोष्टींचा राग नाही, साहेब. ही धोकादायक आहे की नाही, एवढंच सांगा."

मी लेझरचं यंत्र बाहेर काढलं.

गिरणी लीलाबाई गव्हाण्यांची. साठीच्या, उंच, भुवयांपर्यंत पिठानं पांढऱ्या झालेल्या. मशीनपाशी त्यांच्या मदतीला नंदा. मी आत शिरलो आणि पहिल्याच मिनिटाला भिंतीतल्या एका सुबक कोनाड्यापाशी थबकलो. वर नाजूक महिरप होती. मी भिंग काढलं आणि भापकरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "ही बघ निजामशाही शैली. या महिरपीचं प्रमाण बघ. असा हात आता राहिला नाही."

"हाय की," लीलाबाई म्हणाल्या. "गफूरमिस्त्री हाय अजून. त्येनंच केलंय ते, मीटर बसवायला. मग बोर्डाचा मानूस म्हनला, मीटर भाईर पायजे."

ओट्यावरच्या बायका डब्यांकडं बघून हसल्या. मी भिंग योग्य त्या खिशात ठेवायला बराच वेळ लावला.

खरं तर तिथंच मला शहाणपण यायला हवं होतं. पण अभ्यासकाचा अपमान झाला की तो उंच जागी जाऊन तो भरून काढू बघतो. मी म्हणालो, "छत बघायला लागेल." शिडी आली. मी चढू लागलो, तशा लीलाबाई खालून ओरडल्या, "सायेब, घुमटाच्या कडंनं चाला. त्या उगवतीच्या कोपऱ्यात पाय देऊ नका. तितलं झाकन कच्चं हाय, म्याच घातलंय."

मी वरून सांगितलं, "ताई, तीस वर्षं छतांवरच चालतोय."

हे वाक्य खोटं होतं. तीस वर्षांत मी फार तर दहा छतांवर गेलो असेन. पण वरून नगरची हवा लागली, लांब डोंगराची रेघ दिसली, खाली माणसं मान वर करून उभी होती, आणि माझं भाषण सुरू झालं. चुन्याचं बांधकाम किती लवचीक असतं, घुमटाचं वजन भिंतींत कसं उतरतं, आपल्या पूर्वजांना ते कसं कळलं होतं. बोलता बोलता एका वाक्याला जोर द्यावा म्हणून मी एक पाऊल मागं टाकलं.

उगवतीच्या कोपऱ्यात.

फरशी कुरकुरली, एकदम खाली गेली आणि तिच्याबरोबर माझा डावा पाय मांडीपर्यंत आत गेला. तिथं पूर्वी नळांतली हवा बाहेर सोडायचं भोक होतं. त्यातून पाऊस पिठात पडायचा, म्हणून लीलाबाईंनी काही वर्षांमागं वर पातळ फरशी ठेवून मातीनं लिंपली होती. म्हणजे एक पाय वारसा वास्तूच्या आत आणि उरलेला मी बाहेर, अशा अवस्थेत मी बसलो. लागलं फारसं नव्हतं. खाली गिरणीत मात्र घुमटाशेजारून अचानक एक पँट घातलेला पाय लोंबायला लागला होता, आणि मी तो ओढून काढायच्या धडपडीत बूट निसटून खाली कुणाच्या तरी बाजरीत पडला.

"अगं बया!" खालून आवाज आला. "नंदे, मशीन बंद कर, सायबाचा बूट दळला जाईन!"

शिडीवरून भापकर आणि राऊत वर आले. दोघांनी मला काखेत हात घालून उपसून काढलं. राऊतांनी माझं जाकीटही झटकून दिलं. मग ते भोकाकडं बघत शांतपणे म्हणाले, "साहेब, मला वाटतं, आता रिपोर्टची गरज नाही."

शनिवार

रात्रीतून वस्तीभर झालं, की मुंबईचा इंजिनीअर छतातून पडला. ठाणं म्हणजे मुंबई नव्हे आणि मी पडलो नव्हतो, फक्त एक पाय गेला होता, हे दोन्ही खुलासे मी करून पाहिले. उपयोग झाला नाही. सकाळी दूधवाल्यानंही भापकरला विचारलं, "म्हंजी पाडायचा ठरला का हौद?" रविवारी दोन्ही बाजूंची बैठक होती. जो माणूस हौदाची बाजू तपासायला आला, त्याच्या मांडीनंच विरुद्ध बाजूचा पुरावा तयार केला होता.

मन रमवावं म्हणून भापकर मला फराहबागेत घेऊन गेला. कोरड्या तळ्याच्या मधोमध उभा असलेला तो महाल, त्याच्या उंच कमानी, आत पारव्यांची घुमघुम. मी लंगडत एका कमानीखाली गेलो. शेजारी लग्नाआधीचे फोटो काढायला राहुरीकडचं एक जोडपं आलं होतं. त्यांना चार गोष्टी सांगाव्यात म्हणून मी तोंड उघडलं. भापकरनं माझ्याकडं पाहिलं. मी जांभई दिल्यासारखं करून तोंड मिटलं.

तिथल्या पायरीवर बसल्यावर त्यानं विचारलं, "पद्या, खरं सांग. आजवर तू किती इमारती वाचवल्यास?"

"एकही नाही."

"आणि पाडायला किती दिल्यास?"

मोजल्या नव्हत्या. 'धोकादायक' असा एक रबरी शिक्का होता. त्याचं रबर झिजलं म्हणून मी तो दोनदा नवा करून घेतला, एवढं आठवतं. त्यातल्या पुष्कळ इमारती खरंच धोकादायक होत्या. पण सगळ्याच होत्या का? ठाण्याला बाजाराजवळ एक तीन मजली घर होतं. खाली एक शिंपी बसायचा. मी रस्त्यावरून फोटो काढत असताना तो मशीन सोडून बाहेर आला आणि म्हणाला, "साहेब, आत येऊन बघा ना. तुळया सागाच्या आहेत, अजून टणक आहेत." मी घड्याळाकडं बघितलं आणि म्हणालो, "दिसतंय इथून." इथून काहीही दिसत नव्हतं. पुढं ते घर पाडताना मी तिथून रिक्षानं गेलो. तुळया खाली उतरवून ठेवल्या होत्या. टणक होत्या.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. भापकरला सांगितलं. तो पायरीवरून उठला. म्हणाला, "चल, भोक तरी बुजवू."

गफूरमिस्त्री सत्तरीचे. बोटं चुन्यानं चिरलेली, डोळ्यांत मिश्कील भाव. माझ्या पराक्रमाची बातमी त्यांना कळलेलीच होती. मी आल्या आल्या सुचवलं, की लवकर घट्ट होणारं सिमेंट आणू, उद्या सकाळपर्यंत काम तयार. म्हटलं, निदान एका बाबतीत तरी आपला अनुभव दिसावा.

"सिमेंट लावतो की," मिस्त्री म्हणाले. "मग फुडच्या उन्हाळ्यात ते शेजारचा चुना घेऊन खाली यील. तवा पुन्ना पाय द्याया तुमी येनार का?"

मी चुना कालवायला बसलो. त्यांच्या अंगणात एका खड्ड्यात पाण्याखाली मुरत ठेवलेला चुना होता, ताज्या लोण्यासारखा. त्यात वाळू, विटांची पूड आणि भिजवलेल्या गुळाचं पाणी घालून ते फावड्यानं परतत राहायचं. मला वाटलं दहा मिनिटं. मिस्त्री दर पंधरा मिनिटांनी येऊन थापीवर थोडा चुना घ्यायचे, थापी उलटी करायचे, चुना खाली पडला की म्हणायचे, "अजून." दुपारचे दोन वाजले. माझ्या तळहाताला फोड आले, पाठ धरली, आल्याच्या सगळ्या वड्या संपल्या. इंजिनीअर म्हणून मी आयुष्यभर 'मिश्रण योग्य प्रमाणात असावे' असं एका ओळीत लिहून मोकळा झालो होतो. त्या ओळीत एवढी मेहनत असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी एकदा थापी उलटी केली आणि चुना चिकटून राहिला. मिस्त्री घमेलं उचलून निघाले. त्यांच्याकडून मिळालेली तीच शाबासकी.

आम्ही छतावर गेलो. मी या वेळी घुमटाच्या कडेकडेनं, हातानं चाचपत, नव्या नवरीसारखा चाललो. भोकावर जाड शहाबादी फरशी बसवून मिस्त्रींनी चुन्यानं कडा बुजवल्या. मग मी पहिल्यांदाच खाली वाकून घुमट नीट पाहिला. शुक्रवारी भाषण करताना मी त्याच्याकडं बघितलंच नव्हतं. विटा एकमेकींत घट्ट बसलेल्या. वरचा चुना जागोजागी नवा-जुना, पण कुठं पोकळ वाजत नव्हता. खाली उतरून कमानी बघितल्या. उत्तरेच्या कमानीला माथ्यावर एक भेग होती, बोटभर लांब. जुनी की नवी, हलती की थांबलेली, ते नुसतं बघून सांगता येईना.

संध्याकाळी गिरणीपुढं बसलो होतो. लीलाबाईंनी माझा बूट पिठातून काढून, पुसून, खुंटीला टांगून ठेवला होता. तो मी पायात घातला. म्हटलं, "ताई, माझी चूक झाली. तुम्ही सांगितलं होतंत."

"जाऊ द्या. बाजरी चाळून घेतली." त्यांनी विषय मिटवला. मग म्हणाल्या, "पर उद्या काय सांगनार? पडंल का ही भित?"

"मला वाटतं नाही पडणार. पण माझ्या वाटण्यावर आता कोण विश्वास ठेवील?"

"कोनीच न्हाई," त्या सरळ म्हणाल्या. "माझं म्हायेर घोडेगावचं. तितं जनावरांचा बाजार भरतो. म्हस घेताना मालक लई बोलतो, दात दावतो, पाठीवं थापा मारतो. घेनारा त्याचं ऐकत बसत न्हाई. चालवून बघतो. गाडीला बैल घ्यायचा तर गाडीला जुपून बघतो. वझं टाकून बघतो. तुमच्यात तसं काय नसतंय व्हय?"

 आमच्यात तसं असतं. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतं. छतावर वजन ठेवायचं, भेगेवर काचेची पट्टी चिकटवायची. भेग केसभर जरी हलली तरी काच तडकते. मला ते माहीत होतं, पण शिक्क्यानं काम भागत असल्यामुळं तीस वर्षांत लागलं नव्हतं.

रविवार

बैठक ओट्यासमोरच्या मोकळ्या जागेत, उन्हात भरली. पन्नासेक माणसं असतील. राऊत सरांनी त्यांचं म्हणणं मांडलं. ॲम्ब्युलन्स, शाळेची बस, वळण. एकही गोष्ट वाढवून सांगितली नाही. शेवटी म्हणाले, "आणि परवा साहेब स्वतः छतातून खाली गेले, हे आपण सगळ्यांनी पाहिलं."

मी उभा राहिलो. अकरा खिशांचं जाकीट भापकरच्या घरीच ठेवलं होतं. पाठांतर केलेली सुरुवात विसरलो. म्हणालो, "छत खचलं नाही. मी खचलो. तिथं पाय देऊ नका, असं लीलाताईंनी मला खालून ओरडून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, कारण मी भाषण करत होतो. त्यांनी ठेवलेली पातळ फरशी माझ्या ब्याऐंशी किलोंनी मोडली. हौदाचा त्यात काही दोष नाही."

कुणीतरी मागून म्हणालं, "ब्याऐंशी काल हुतं, आज शेंगोळी खाल्लीय." सगळे हसले. मीही हसलो. दुसरा इलाज नव्हता.

"पण हौद भक्कम आहे, असंही मी नुसतं तोंडानं सांगणार नाही," मी म्हणालो. "वजन टाकून बघू. काच तडकली तर तो धोकादायक. मी तसं लिहून देईन."

हे बोलताना मी लीलाबाईंकडं बघितलं नाही.

वस्तीतल्या घराघरातून ज्वारी-बाजरीची पोती आली. वीस पोती, प्रत्येकी पन्नास किलो. आदल्या रात्रीच मी भेगेवर काचेची पट्टी दोन्ही टोकांना चिकटवून ठेवली होती. पोती एका वेळी चार, छताच्या प्रत्येक बाजूला एक, अशी ठेवत जायची होती, आणि त्याच वेळी खाली गिरणी चालू हवी, कारण रोज ती चालतेच. पोती शिडीवरून चढवायला पहिले पुढं आले ते राऊत सर. मफलर काढून त्यांनी पोतं खांद्यावर घेतलं. म्हणाले, "उद्या कुणी म्हणायला नको, हलकी पोती चढवली."

मी सांगितलं, की गिरणी चालू करून सगळ्यांनी बाहेर यायचं. आत कुणी थांबायचं नाही. नियमच आहे तसा. नंदा बाहेर आली. लीलाबाई आल्या नाहीत. पट्टा फिरायला लागला, मशीन घरघरायला लागलं, आणि त्या आपल्या तिथंच, घुमटाखाली, बाजरीचा डबा ओतत उभ्या.

"ताई, बाहेर या!"

"माझी हाय गिरनी. बंद पडली तर चालू कोन करनार?"

"धोका आहे!"

"मघाशी तर न्हाई म्हनलात."

भापकर माझ्याकडं बघत होता. राऊत शिडीवर पोतं घेऊन थांबले होते. मी दोन पावलं कमानीकडं गेलो आणि माझ्या लक्षात आलं, की काच जवळून बघायची तर आत जाऊनच बघावी लागणार. बाहेरून ती दिसत नव्हती. मी आत गेलो.   माझ्या कुठल्याही रिपोर्टातल्या छताखाली मी तोवर असा उभा राहिलो नव्हतो.

चार पोती. वरून बारीक धूळ आली. आठ पोती. लीलाबाईंनी हात मशीनच्या तोंडाशी धरून पीठ बोटांत चोळून बघितलं, जाड येतंय की बारीक. बारा. मी काचेला नाक लावून उभा. माझ्या श्वासानं ती धुरकट व्हायची, मी रुमालानं पुसायचो, आणि पुसताना मीच ती तडकवीन की काय, म्हणून हात आवरायचो. सोळा. कुठं तरी 'टक' असा आवाज झाला.  बघितलं तर डब्याचं झाकण खाली पडलं होतं. वीस.

 गिरणी चालूच होती. मी घड्याळ लावून अर्धा तास तिथं उभा राहिलो. डोक्यावर एक टन धान्य आणि शेजारी एक बाई, जी मधूनच माझ्या हातात डबा देऊन म्हणायची, "धरा जरा." मी धरायचो.

काच जशीच्या तशी होती.

राऊत सर आत आले. मी न सांगता बाजूला झालो. त्यांनी काच बघितली, बोटानं हलकेच चाचपली, मग मान वर करून घुमटाकडं बराच वेळ पाहिलं. "ठीक आहे," ते म्हणाले. "कबूल केलंय ते केलंय." पण त्यांचा चेहरा पडला होता. मला ती वीस मिनिटं आठवली.

मग मी पँटच्या खिशातून टेप काढला. हौद ठेवायचा, पण वळण तरी किती सुटेल, ते भापकर, राऊत आणि मी मोजत बसलो. शेवटी निघालं ते असं, की समोरचा ओटा काढला तर चार फूट मिळतात आणि ॲम्ब्युलन्स एका दमात वळते. हे लीलाबाईंना सांगायचं कुणी? दोघांनी माझ्याकडं पाहिलं.

त्यांनी ऐकून घेतलं.  ओट्यावर बसलेल्या बायकांकडं बघून म्हणाल्या, "वटा माझा न्हाई. बसतात त्यांचा हाय. त्यास्नी इचारा." बायकांनी कुरकुर केली. डबे ठेवायचे कुठं, बसायचं कुठं, बोलायचं कुठं. राऊत म्हणाले, सोसायटीच्या भिंतीलगत आमच्या बाजूला बाक करून देतो, वर पत्रा घालतो. नंदा म्हणाली, "पत्रा नको, तापतो. झाड लावा." त्यावर वाद झाला, आणि वादाचं स्वरूप बघून माझ्या लक्षात आलं, की ओटा गेल्यातच जमा होता.

तो दगडी ओटा हौदाइतकाच जुना असावा. पाठीवर वजन घेतलेल्या घुमटाकडं बघून मी खूश होतो, आणि ओट्याकडं बघवत नव्हतं. वाचवायला गेलो आणि चार फूट मीच मोजून दिले.

सोमवार

परतायच्या आधी रिपोर्ट द्यायचा होता. मी तो नेहमीच्या नमुन्यावर लिहिला होता, भापकरवहिनींच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून. वास्तूचा प्रकार, साहित्य, स्थिती, वापर, देखभाल. सही करायच्या आधी तो घेऊन गिरणीत गेलो, तर लीलाबाई म्हणाल्या, "मला दावा."

त्यांनी हात पदराला पुसून कागद घेतले आणि बोट ठेवत सावकाश वाचू लागल्या. गिरणीत तेव्हा दोन-तीनच बायका होत्या. 'स्थिती: भक्कम' इथं बोट थोडं थांबलं आणि पुढं गेलं. मग एका जागी पुन्हा थांबलं.

"ह्ये काय लिवलंय? देखभाल, न्हाई?"

"म्हणजे कुठली संस्था किंवा खातं याची देखभाल करत नाही, असा अर्थ आहे."

"मग दर दिवाळीच्या आदी घुमटावरचं पिंपळाचं रोप कोन उपटतं? मुळासकट? चुना कोन लावतं?"

मी पेन काढला. ती ओळ खोडली आणि वर लिहिलं: सौ. लीला गव्हाणे.

"माझं एकलीचं नगं," त्या म्हणाल्या. "म्या शिडी धरते. वर चढती ती नंदा. शकिला चुना कालवते, गफूरमिस्त्रीची सून हाय ती. कांता, सुभद्रा पानी देत्यात."

मी लिहीत गेलो. नंदा, शकिला, कांता, सुभद्रा. रकाना भरला, तसा समासात शिरलो. नमुन्यात असं चालत नाही. मी इतकी वर्षं कुणालाही समासात लिहू दिलं नव्हतं.

"झालं?" मी विचारलं.

लीलाबाईंनी ओट्यावर बसलेल्या बाईकडं बघितलं. ती बाई हळूच म्हणाली, "मथुरा."

"व्हय. मथुराबाई लिवा," लीलाबाई म्हणाल्या. "ती गेली मागच्या साली. पर सगळ्यात अवघड रोप तिनंच काढलं हुतं."